फुकटचा रेडिओ

"मामा, हा चार्ज कुठून करायचा?"

भाची अकरा वर्षांची. टेबलावरचा माझा पसारा तिनं सगळ्या बाजूंनी तपासला होता: शटलकॉकचा रिकामा डबा, त्यावर गुंडाळायची तांब्याची तार, माळ्यावरून काढलेला मुका ट्रान्झिस्टर. चार्जिंगचं भोक काही सापडेना. भोक नाही म्हटल्यावर तिनं सेल कुठे घालायचे ते विचारलं. सेलही नाहीत म्हटल्यावर तिनं माझ्याकडे जे पाहिलं, तसं १९८४ साली आमच्या आईनं पाहिलं होतं.

तेव्हा मी सातवीत होतो आणि आम्ही सदाशिव पेठेत वाड्यात राहत होतो. विजेशिवाय, सेलशिवाय, म्हणजे दमडी न मोजता चालणारा रेडिओ करता येतो हे मला कळलं. ही गोष्ट पुण्यात कळली, तेव्हा ती करून बघणं भागच होतं. क्रिस्टल सेट म्हणतात त्याला. तारेच्या वेढ्यांची एक कॉइल, स्टेशन जुळवायला एक गँग कंडेन्सर, वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा एक डायोड आणि कानाला लावायचं काहीतरी. एका टोकाला एरियल, दुसऱ्या टोकाला अर्थिंग. संपला रेडिओ.

पहिली कॉइल मी पावडरीच्या डब्यावर गुंडाळली. डबा पत्र्याचा होता. पत्रा म्हणजे कॉइलच्या पोटात घातलेला एक जाडजूड शॉर्टच, तारेत जे काही येईल ते तोच खाऊन टाकतो. हे कळायला मला दिवाळीची अख्खी सुट्टी लागली. मग पुठ्ठ्याची नळी मिळवली, पुन्हा वेढे घातले, तरी रेडिओ मुकाच. तार पिवळीधमक, चकचकीत, तांबं उघडं दिसतंय, डागही छान बसलाय. तिच्यावर व्हार्निशचा पारदर्शक थर असतो आणि तो पात्यानं खरवडल्याशिवाय वीज आत-बाहेर करत नाही, हे गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं माझी कॉइल नुसती लांबून बघून सांगितलं. फी म्हणून त्यानं मला चहा आणायला पाठवलं.

डायोड आणायला पैसे नव्हते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, इटलीत अँझिओला अडकलेल्या अमेरिकन सैनिकांनी दाढीचं पातं आणि पेन्सिलीचं शिसं यांचा डायोड करून खंदकात रेडिओ ऐकला, असं कुठेतरी वाचलं होतं. वडिलांची पाती मी गॅसवर धरून निळी केली. एक नाही, सात. सेफ्टी पिनेला शिसाचा तुकडा बांधून पात्यावर तो हळूहळू सरकवत बसायचं. तिसऱ्या दिवशी कानात खरखर झाली, म्हणजे झाली असं मी अजून सांगतो. वडील म्हणाले, "उद्यापासून दाढी तुझ्या रेडिओनं करत जाऊ का?" आणि डायोडचे पैसे दिले.

एवढं सगळं भाचीला सांगितलं. तिला फक्त चहाचा भाग आवडला.

सामान आणायला तिला घेऊन तपकीर गल्लीत गेलो. पासोड्या विठोबाच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये हौशी माणसानं पाकीट घरी ठेवून जावं. एका दुकानातून दुसऱ्या दुकानात सरकता सरकता लागणाऱ्या चार वस्तूंबरोबर न लागणाऱ्या चौदा पिशवीत येतात. टूजे गँग, म्हणजे तोच कंडेन्सर, मागितल्यावर एका दुकानदारानं शिडी लावून वरच्या खणातला खोका काढला आणि फुंकर मारली. धुळीखालून अॅल्युमिनियमच्या पाकळ्या दिसल्या. दांडा फिरवला की पाकळ्यांचा एक गट दुसऱ्यात शिरतो, तरी एकही दुसरीला टेकत नाही. भाचीनं तो दांडा दहा मिनिटं फिरवला. दुकानदारानं फिरवू दिला.

"जर्मेनियम डायोड आहे? ओए एकोणऐंशी?"

"काका, बंद झाले ते. सिलिकॉनचा न्या."

सिलिकॉनचा इथे चालत नाही. डायोड हा जकात नाका धरला, तर सिलिकॉनचा नाका सुमारे ०.६ व्होल्ट जकात घेतो आणि एरियलवरून येणाऱ्या बिचाऱ्या लहरीच्या खिशात तेवढे नसतातच. जर्मेनियमचं ०.२ च्या आसपास भागतं. काम मात्र दोघांचं एकच, रस्ता एकेरी ठेवायचा. लहर सेकंदाला लाखो वेळा पुढेमागे होते, कानाला ते झेपत नाही. एक बाजू अडवली की उरलेल्या बाजूच्या चढउतारातून बोलणं ऐकू येतं. लक्ष्मी रस्ता एकेरी असूनही एखादा स्कूटरवाला उलटा येतोच, तसा जर्मेनियममधूनही थोडा प्रवाह उलटा निसटतो. दोन्हीकडे आपण चालवून घेतो.

शेवटी माळ्यावरचा ट्रान्झिस्टर उघडला. आतल्या पत्र्याच्या चौकोनी डब्यांशेजारी काचेचा एक डायोड होता, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. डाग वितळवून तो काढला आणि भाचीच्या हातात भिंग दिलं. काचेच्या आत एक वाकडी, केसाएवढी तार जर्मेनियमच्या कणावर टेकलेली दिसते. पूर्वी हीच तार उघड्या खड्यावर हातानं टेकवत, तिला मांजरीची मिशी म्हणत. शिसाच्या खनिजाच्या, म्हणजे गॅलेनाच्या, खड्यानं लहरी टिपायच्या उपकरणाचं अमेरिकन पेटंट १९०४ साली जगदीशचंद्र बोसांना मिळालं. अर्ज १९०१चा. पेटंट वगैरे घ्यायला बोस मुळात राजीच नसत, त्यामुळे ते एक घेतलं याचंच मला नवल वाटतं.

"आत खरंच मिशी आहे," भाची म्हणाली. मग काही वेळ ती भिंगाखाली घरातल्या सगळ्या गोष्टी बघत होती.

मोबाइलचा इअरफोन इथे कामाचा नाही. तो १६-३२ ओहमचा, त्याला ढकलायला या लहरीत जोर नाही. बझरमधली पितळी चकती दहा रुपयांना मिळाली होती, ती कानाशी धरायची. तिच्याशी समांतर ४७ हजार ओहमचा रेझिस्टर. रेझिस्टरवरचे पट्टे वाचायला भाचीला मी इंग्रजी वाक्य पाठ करू दिलं नाही. काळा शून्य, तपकिरी एक, आणि दोनपासून आपलं तानापिहिनिपाजा सुरू, फक्त त्यातला 'पा' गाळायचा. जांभळा सात, मग राखाडी, पांढरा. पिवळा, जांभळा, नारिंगी: चार, सात आणि तीन शून्यं. तिनं एका दमात वाचलं आणि विचारलं, पारव्यानं काय केलं होतं?

शटलकॉकच्या डब्यावर ६५ वेढे बसले. वेढे तिनंच मोजले. दोनदा हात सुटून सगळी तार स्प्रिंगसारखी उसळली, तेव्हा घरात दोन वेगवेगळ्या पिढ्यांचे शब्द ऐकू आले.

एरियल गच्चीवरून खाली सोडलं, अर्थिंग नळाला बांधलं, आणि काही नाही. पुन्हा डाग दिले, चकती बदलली. काही नाही. रात्री उशिरा लक्षात आलं, वाड्यातला नळ लोखंडी होता, सरळ जमिनीत जायचा. आमच्या वानवडीच्या फ्लॅटमध्ये भिंतीतून सगळे प्लॅस्टिकचे पाइप गेलेत. या घराचा मातीशी काही संबंधच उरलेला नाही. भाची म्हणाली, प्लगच्या तिसऱ्या भोकात घालू या का तार? त्यावर मी इतक्या मोठ्यानं नाही म्हणालो की वरच्या मजल्यावरून फोन आला.

सकाळी सगळं चंबूगबाळं उचलून पार्किंगमध्ये गेलो. सोसायटीच्या बोअरवेलचा लोखंडी पाइप तिथे वीतभर वर आलाय. गंज घासला, तार आवळली. वॉचमन खुर्ची सरकवून बघायला आला. हा सासवडकडचा, घरी थोडी शेती.

भाचीनं चकती कानाशी धरली आणि गँगचा दांडा फिरवायला लागली, पाकळ्या उघडत, मिटत. मग हात थांबला. तोंड उघडं.

"बाई बोलतेय."

७९२ किलोहर्ट्झ, पुणे केंद्र. हडपसरचा १०० किलोवॅटचा ट्रान्समीटर आमच्यापासून फार लांब नाही, त्यातलं चिमूटभर या तारेत आलं होतं. माझी पाळी आल्यावर मी ऐकलं. आवाज लांबून, विहिरीतून आल्यासारखा, पण शब्द न् शब्द स्वच्छ. लाइट गेली असती तरी हा चालू राहिला असता.

"बघू," वॉचमन म्हणाला.

चकती एकच, त्यामुळे तो ऐकत असताना आम्ही दोघं नुसते त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. कांद्यावरच्या करप्याबद्दल कुणीतरी सांगत होतं, असं त्यानं नंतर सांगितलं. गेटवर एका गाडीनं हॉर्न दिला. पुन्हा दिला. भाची म्हणाली, "काका, गाडी आलीय." त्यानं न बघता, चकती कानावर दाबून, दुसऱ्या हातानं तिला थांब म्हणून खूण केली.