आमची वाटचाल : व्यायामाच्या वहीपासून वर्षाच्या तक्त्यापर्यंत

बडोद्याला मैदानी खेळांचे बाळकडू नवे नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिरासारखे आखाडे इथे पिढ्यान्‌पिढ्या चालले, आणि हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली कबड्डीचे नियम छापून स्पर्धाही भरवली. त्यामुळे संघांच्या सरावाचे तक्ते आखणाऱ्या आमच्या छोट्या फर्मकडे येणाऱ्या क्रीडा मंडळांना व्यायाम ठाऊक नसतो असे कधीच नव्हते. तरी सुरुवातीला आम्ही विकत होतो ती व्यायामाचीच वही : जोर, बैठका, शटल, दोरीउड्या, किती वेळा आणि किती सेट. वही छान दिसायची. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मैदानात चिखल झाला की ती कपाटात जायची आणि नवरात्र उलटल्यावर, स्पर्धा महिन्यावर आली की पुन्हा बाहेर निघायची.

चूक व्यायामात नव्हती, तारखांत होती. आता आम्ही खो-खो संघाला पहिला कागद देतो तो सराव कधी होणार *नाही* याचा. आमचे खरे काम तिथून सुरू होते.

समजा, अठरा वर्षांखालील मुलांचा संघ आहे आणि मुख्य स्पर्धा नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीपर्यंत आहेत. वर्ष १५ एप्रिलला, शाळेच्या परीक्षा संपल्यावर सुरू करायचे. पहिले १५ आठवडे पायाभूत तयारी, म्हणजे जुलैअखेरपर्यंत. पुढचे ९ आठवडे खेळाला धरून सराव, मग ७ आठवडे स्पर्धापूर्व, ११ आठवडे स्पर्धा, फेब्रुवारी-मार्चमध्ये ७ आठवडे परीक्षेचे आणि ३ आठवडे मोकळे. बेरीज ५२. परीक्षेच्या सात आठवड्यांत बाकीच्यांना आठवड्यातून दोनदा ४० मिनिटे; दहावी-बारावीच्या मुलांना पूर्ण सुट्टी. सुरुवातीला आम्ही त्यांनाही ‘जमेल तेवढे करा’ म्हणायचो. त्यात अभ्यास धड होत नाही आणि सरावही होत नाही.

पायाभूत काळ उन्हाळ्यात येतो. इलाज नाही, म्हणून सकाळी सहाला सुरुवात आणि मे महिन्यात आठच्या आत मैदान रिकामे. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो उतरले म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेले. पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर प्यायला हवे. उतरलेले वजन शरीराच्या दोन टक्क्यांच्या वर गेले तर त्या मुलाचे दुसऱ्या दिवशीचे काम कमी.

आता खो-खोचे गणित. पारंपरिक सामन्यात आक्रमणाची पाळी ९ मिनिटांची. आठ गडी पाटीवर बसलेले, नववा पाठलागावर, समोर तीन संरक्षकांची तुकडी. पाठलाग करणाऱ्याला मधली रेषा ओलांडता येत नाही, मागे वळता येत नाही. म्हणून त्याचे काम बैठकीतून उठून पाच-सहा मीटरचा झटका, खो, आणि पुन्हा बसणे. संरक्षकाचे काम वेगळे : दोन-अडीच मिनिटे हुलकावण्या देत, खांब गोल फिरत टिकून राहणे. संपूर्ण संघाला मैदानाच्या दहा फेऱ्या मारायला लावणे हा आम्हाला सगळ्यात जास्त दिसणारा दोष, कारण त्यात दोघांपैकी कोणाचेच काम होत नाही.

पाठलागाच्या मुलांना पाटीवरच्या बैठकीतून ६ मीटरचे ६ झटके, प्रत्येकानंतर ३० सेकंद विश्रांती. असे ३ सेट, दोन सेटच्या मध्ये ३ मिनिटे विश्रांती. संरक्षकांना आधी ३० सेकंद जोरात, ३० सेकंद हळू, असे ८ वेळा. सप्टेंबरपर्यंत २ मिनिटांचे ४ डाव, मध्ये ४ मिनिटे. खांबावरचा सूर आधी जुन्या गादीवर, आठवड्यातून दोनच दिवस आणि एका वेळी १०-१५ पेक्षा जास्त नाही. खांद्याला आणि कमरेच्या हाडाला मार बसला की मुलगा आपोआप सूर टाळायला लागतो आणि ती सवय सुटायला महिने जातात.

दुखापतींत गुडघ्याच्या वाटीखालची शीर सर्वांत आधी कुरकुरते, कारण उकिडव्या बैठकीतून झटका घेताना सगळा भार तिथेच येतो. दुसरा नंबर मांडीच्या मागच्या स्नायूंचा. त्यासाठी जोडीदाराने घोटे धरायचे आणि गुडघ्यावर उभे राहून हळूहळू पुढे झुकायचे, हा नॉर्डिक व्यायाम. पहिल्या आठवड्यात एकदाच, ५ चे २ सेट. उत्साहात पहिल्याच दिवशी ३० करून घेतले की तीन दिवस कोणी चालू शकत नाही आणि व्यायामाचे नाव खराब होते.

ताण मोजायला आम्ही महागडे घड्याळ विकत नाही. सराव संपल्यावर वीस-तीस मिनिटांनी प्रत्येकाला विचारायचे, दहापैकी किती दमलास? त्या आकड्याला मिनिटांनी गुणा. ९० मिनिटे आणि ६ म्हणजे ५४०. आठवड्याची बेरीज तीन आठवडे थोडी थोडी वाढवायची आणि चौथ्या आठवड्यात तीस-चाळीस टक्के खाली आणायची. एकेकाला बाजूला घेऊन विचारा. सगळ्यांसमोर विचारले की कर्णधार जे म्हणेल तेच बाकीचे म्हणतात.

ही गुणाकाराची वही नवरात्रात कामाला येते. दोन तास गरबा आणि दमणे पाच धरले तरी ६०० झाले, म्हणजे पूर्ण सरावाहून जास्त, वर झोप मध्यरात्रीनंतर. पूर्वी आम्ही प्रशिक्षकांना ‘मुलांना गरब्याला जाऊ देऊ नका’ असे लिहून द्यायचो. बडोद्यात असे सांगणारा माणूस आपलेच हसे करून घेतो. आता ते नऊ दिवस तक्त्यात हलक्या आठवड्याचेच असतात : सराव संध्याकाळी पाऊण तास, फक्त खो देण्याचे आणि साखळीचे, म्हणजे बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळण्याचे तंत्र. गणपतीच्या दिवसांत दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मुलांचेही थोडेफार असेच.

उत्तरायणाचे १४ आणि १५ जानेवारी हे दोन दिवस बंद. त्याहून महत्त्वाचा नंतरचा पंधरवडा, कारण काचेचा मांजा मैदानात पडून राहतो आणि मातीवर अनवाणी खेळणाऱ्यांचे तळवे कापतो. सरावाआधी दहा मिनिटे मैदान झाडून घेणे हे आमच्या तक्त्यात व्यायामासारखेच लिहिलेले असते.

पाऊस मात्र अंदाजात बसत नाही. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा कुठल्याच तक्त्याला अर्थ नव्हता. म्हणून आम्ही जुलै ते सप्टेंबरमध्ये दोन ‘सरकते’ आठवडे ठेवतो आणि छपराखालचे ४५ मिनिटांचे पर्यायी सत्र आधीच लिहून देतो. वाया गेलेला सराव पुढच्या आठवड्यात दुप्पट करून भरून काढायचा नाही. गुडघ्याची शीर दुखावते ती बहुतेक तेव्हाच.

चाचण्या दर सात-आठ आठवड्यांनी : बैठकीतून १० मीटर, ४ गुणिले १० शटल, उभ्याने लांब उडी आणि यो-यो, म्हणजे ठोक्यांच्या आवाजावर वाढत्या वेगाने जाऊन-येऊन धावणे. तोच वार, तीच वेळ, तेच मैदान, शिट्टी आणि घड्याळ त्याच माणसाच्या हाती. हातातल्या घड्याळाची चूक सेकंदाच्या दोन दशांशांपर्यंत सहज जाते, म्हणून त्याहून लहान सुधारणा आम्ही सुधारणा धरत नाही. पालक नाराज होतात. होऊ देत.

मुख्य स्पर्धेआधी दोन आठवडे सरावाचे प्रमाण चाळीस-पन्नास टक्के कमी, वेग मात्र तोच. इथे प्रशिक्षक घाबरतात आणि वेगच कमी करतात. मुले ताजी होतात पण सुस्त. स्पर्धा मॅटवर असेल तर आधीचे तीन-चार आठवडे बुटांत आणि मॅटवर खेळवा. दिल्लीत जानेवारी २०२५ मध्ये झालेला पहिला विश्वचषकही मॅटवरच झाला. मॅटवर पाय अडतो, माती सरकू देते. स्पर्धा तीन आठवडे पुढे ढकलली, आणि ती ढकलली जातेच, तर सराव कमी करण्याचा तोच उतार लांबवू नका. एक आठवडा पूर्ण काम, एक मध्यम, मग पुन्हा सात ते दहा दिवसांचा उतार.

आमची फी पूर्वी एकरकमी असे. जुलैत पदक नाही म्हणून मंडळे नाराज व्हायची. आता चार हप्ते, प्रत्येक हप्त्याला चाचणीचा कागद आणि पुढच्या बारा-तेरा आठवड्यांचा मोठ्या अक्षरात छापलेला तक्ता, जो भिंतीवर लागतो. मोबाइलवर पाठवलेला तक्ता कोणी उघडत नाही. ऑक्टोबरनंतर आलेल्या संघाचे वार्षिक काम आम्ही घेत नाही. त्यांना सहा आठवड्यांचे वेळापत्रक देतो आणि एप्रिलच्या मध्यावर या म्हणून सांगतो.