आंबोली घाट आणि मागच्या सीटवरचा गूळ
कोल्हापूरहून आजरा, आंबोली, सावंतवाडी असे करत आज म्हापशाला घरी पोहोचलो, तेव्हा मनगटे बधिर झाली होती. स्पोर्ट्स बाईकचे हँडल इतके खाली असते की अंगाचा बराच भार हातांवरच येतो. मागची सीट जेमतेम वीतभर, तीही उतरती, त्यामुळे घाटातल्या वळणांवर टेल बॅग, म्हणजे मागच्या सीटवर बांधलेली पिशवी, एका बाजूला सरकली आणि तिचा लोंबणारा पट्टा सायलेन्सरला टेकून वितळला. चूक माझीच, कारण आईने मागवलेला ५ किलो गूळ मी सर्वांत वर, अगदी मागच्या टोकाला ठेवला होता. थांबून तो तळाशी, पाठीलगत घेतला आणि मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे त्याच्या स्प्रिंगवरचा आधीचा दाब, २ खाचा वाढवला, तेव्हा कुठे पुढचे चाक रस्ता नीट धरू लागले. गुळाला रबराचा वास येतो, अशी आईची तक्रार आहे.