साडेचार महिने: नोकरी सुटल्यापासून पुन्हा मिळेपर्यंत

16 सप्टेंबर 2019 रोजी, म्हणजे अनंत चतुर्दशी होऊन चारच दिवस झाले असताना, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीनंतर मला एचआर विभागात बोलावण्यात आले आणि आधीच टाइप करून ठेवलेला राजीनामा माझ्यापुढे ठेवण्यात आला. चाकणच्या त्या कारखान्यात डिझेल इंजिनाचे सुटे भाग बनत असत आणि मी क्वालिटी विभागात सुपरवायझर होतो. एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे गाड्यांच्या धुराबाबतचे कडक नियम लागू होणार होते आणि गाड्यांची विक्री घसरत चालली होती. त्या ऑगस्टमध्ये तर प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा 31 टक्क्यांनी कमी झाल्याचे वाचले होते, तीनऐवजी दोनच पाळ्या चालू होत्या, म्हणजे चाहूल लागलेली होती. तरीही तो कागद पाहिल्यावर माझे हात गार पडले आणि मी काहीही न विचारता सही केली.

ती सही करायला मी एक दिवस मागून घ्यायला हवा होता, असे मला आजही वाटते. कामगार कपातीची भरपाई सुपरवायझरला लागू होत नाही, एवढेच मला सांगण्यात आले होते. परंतु कायदा हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहतो, हे मला नंतर एका वकिलांकडून समजले, आणि स्वतःहून दिलेल्या राजीनाम्यानंतर तो मुद्दा मांडणेही अवघड होऊन बसले होते.

ग्रॅच्युइटीच्या, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणाऱ्या रकमेच्या, बाबतीत मात्र मी गप्प बसलो नाही. माझी नोकरी 10 जानेवारी 2006 पासूनची, म्हणजे 13 वर्षे 8 महिन्यांची होती. हिशेबात कंपनीने 13 वर्षे धरली होती. सहा महिन्यांहून अधिक झालेले वर्ष पूर्ण धरावे, असे तेव्हा लागू असलेल्या 1972 च्या कायद्यातच होते. माझा मूळ पगार 18,200 रुपये होता. त्याला 26 ने भागून 15 दिवसांचे 10,500 रुपये होतात आणि 14 वर्षांचे 1,47,000. हा हिशेब मी एका कागदावर स्वच्छ अक्षरात मांडला, खाली कायद्याचे कलम लिहिले, अर्ज देऊन पोच घेतली, आणि तीन आठवड्यांत राहिलेले 10,500 रुपये खात्यावर जमा झाले. रक्कम मोठी नव्हती, पण त्या दिवसांत आपले म्हणणे कोणीतरी मान्य केले याचा फार आधार वाटला.

नोकरी गेल्याचे पत्नीला त्याच रात्री सांगितले. आईला सांगण्याचे धैर्य झाले नाही. ती 74 वर्षांची, रक्तदाबाचा त्रास असलेली, त्यात कंपनीचा आरोग्य विमाही त्याच दिवशी संपलेला. त्यामुळे मी रोज नेहमीप्रमाणे सकाळी पावणेसातला डबा घेऊन घराबाहेर पडत असे आणि निगडीच्या भक्ती-शक्ती उद्यानात बसून मोबाइलवरून अर्ज करत असे. असे तीन आठवडे गेले.

7 ऑक्टोबरला खंडेनवमी होती. दरवर्षी त्या दिवशी आम्ही लाइनवरची यंत्रे पुसून, झेंडूचे हार घालून पूजा करायचो आणि प्रसादाचा पुडा घरी यायचा. त्या दिवशी संध्याकाळी मी रिकाम्या हाताने घरी आलो, तेव्हा आईने विचारले, "प्रसाद नाही आणलास रे?" मला उत्तर देता आले नाही. कपाटात माझा स्वतःचा मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे साधन, होता, पहिल्या पगारातून घेतलेला, लाकडी पेटीतला. तो मी काढला, मऊ कापडाने पुसला आणि देवापुढे ठेवला, आणि तिला सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग इतके दिवस डबा कुठे खात होतास?" दुसऱ्या दिवसापासून मी घरीच जेवू लागलो.

पीएफच्या नियमांप्रमाणे तेव्हा नोकरी सुटून एक महिना झाल्यावर 75 टक्के रक्कम काढता येत होती आणि दोन महिन्यांनंतर उरलेली. मी अर्ज भरायला घेतला आणि पत्नीने तो थांबवला. ग्रॅच्युइटीचे पैसे आणि तिच्या शिवणकामाची मिळकत यांवर मार्चपर्यंत घर चालेल, असा तिने वहीत महिनावार हिशेब मांडला होता. मुलाची शिकवणी चालू ठेवली, दिवाळीचे कपडे घेतले नाहीत. तिचा तो निर्णय योग्य होता.

अर्जांबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. मी 60 हून अधिक ठिकाणी अर्ज केले, पाच मुलाखती झाल्या, आणि बहुतेक ठिकाणी 44 हे वय आडवे आले. दोनदा नोकरी नक्की झाल्याचे फोन आले आणि लगेच अनामत रक्कम मागण्यात आली. नोकरी देणारा कधीही पैसे मागत नाही, हे ठाऊक असूनही दुसऱ्या वेळी मी क्षणभर विचारात पडलो होतो. अडलेल्या माणसाची अवस्था तशी होते.

या सगळ्या काळात मी केवळ मोटारींच्या कारखान्यांतच काम शोधत होतो, आणि तेथे तर सगळीकडे कपातच चालू होती. डिसेंबरच्या अखेरीस मी जुन्या व्हेंडर लोकांना, म्हणजे आमच्या कारखान्याला माल पुरवणाऱ्यांना, एकेक करून फोन करायला सुरुवात केली. त्यांतले भोसरीचे एक शेठ असे होते, की ज्यांचा अडीचशे नगांचा लॉट मी एकदा बोअरचे, म्हणजे आतल्या भोकाचे, माप चुकल्यामुळे परत पाठवला होता. त्यांना फोन करायला मला सर्वांत जास्त संकोच वाटत होता. ते म्हणाले, "साहेब, तो लॉट मी विसरलेलो नाही. आता आम्ही पंपाचे आणि व्हॉल्व्हचे भाग करतो, आणि माल थांबवणारं माणूस आमच्याकडे नाही. या, बसून बोलू."

पगार पूर्वीपेक्षा 6,000 रुपयांनी कमी ठरला. येण्या-जाण्यासाठी बस नव्हती, आणि गेजची, म्हणजे मापे तपासण्याच्या साधनांची, नोंदवहीसुद्धा मलाच नव्याने घालायची होती. 3 फेब्रुवारी 2020 च्या सोमवारी मी रुजू झालो. आईने डबा स्वतः भरला. पहिल्या दिवशी 40 व्हॉल्व्ह बॉडी तपासल्या, त्यांतल्या तीन बाजूला काढल्या आणि त्यांवर लाल खूण केली. शेठ शेजारी उभे राहून पाहत होते. त्यांनी त्या तीनही नगांची मापे माझ्याकडून वहीत लिहून घेतली आणि मशीनवरच्या मुलाला टूल बदलायला सांगितले.