सात सर्व्हर आणि एक जुना पायथन

गुरुवार, रात्री साडेअकरा

सगळे सर्व्हर हिरवे झाले एकदाचे. डोळे चुरचुरतायत, पण आजचं आजच लिहून ठेवते. दोन महिन्यांनी यातलं काही आठवणार नाही.

सकाळी अ‍ॅन्सिबल-कोर, म्हणजे एका जागेवरून अनेक सर्व्हरची मांडणी करणारं आमचं साधन, २.१६ वरून २.१७ वर नेलं. रॉकी लिनक्स ९ या ऑपरेटिंग सिस्टीमच्या मशीनवर प्लेबुक, म्हणजे करायच्या कामांची यादी, सुरळीत चाललं. रॉकी ८ ची सात मशीन मात्र पहिल्याच पायरीला लाल. सिंटॅक्स एरर : ‘फ्यूचर फीचर अ‍ॅनोटेशन्स इज नॉट डिफाइन्ड’. सिंटॅक्स म्हटलं की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटतं, म्हणून तासभर आमच्याच वायएएमएल फाइली (प्लेबुक ज्यात लिहितो त्या) चाळत बसले. चूक तिथे नव्हतीच. अ‍ॅन्सिबल आपलं मॉड्यूल (एकेका कामाचा छोटा प्रोग्रॅम, पायथन भाषेत लिहिलेला) समोरच्या मशीनवर पाठवतं आणि ते तिथल्या पायथनवर चालतं. रॉकी ८ चा मूळ पायथन ३.६, आणि अ‍ॅनोटेशन्सची ती ओळ पायथनला कळायला लागली ३.७ पासून. २.१७ ने ३.६ ची साथ सोडली आहे. बदलांच्या टिपणात तसं स्पष्ट लिहिलंय. अपग्रेडच्या आधी मी ते वाचायला हवं होतं.

मग सातही मशीनवर हाताने पायथन ३.११ टाकला, इन्व्हेंटरीत (मशीनच्या यादीत) इंटरप्रिटरचा, म्हणजे कोणता पायथन वापरायचा त्याचा, पाथ बदलला. मशीनची माहिती गोळा झाली, फाइली कॉपी झाल्या. जीव भांड्यात पडतोय तोच पॅकेजची (सॉफ्टवेअर टाकायची) पायरी आली आणि पुन्हा लाल.

एका मशीनवर लॉगइन करून डीएनएफच्या (रॉकीवर पॅकेज टाकणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलची पहिली ओळ काढून पाहिली. तिथे प्लॅटफॉर्म-पायथनचा पाथ. प्लॅटफॉर्म-पायथन म्हणजे तोच ३.६! डीएनएफची पायथन लायब्ररीही त्याच्याचसाठी बांधलेली, ३.११ साठीची रॉकी ८ मध्ये मिळतच नाही. म्हणजे बाकी सगळं नव्या पायथनवर चालेल, पण पॅकेज टाकायचं तर जुन्याकडेच जावं लागणार, आणि नवं मॉड्यूल जुन्याला वाचता येत नाही. त्या एका ओळीपाशी मी बराच वेळ थांबले होते. सकाळपासूनचे सगळे धागे तिथे येऊन मिळाले.

टीममधला नवा मुलगा म्हणाला, “ताई, कमांड मॉड्यूलने थेट डीएनएफ इन्स्टॉल चालवू या का?” चाललं असतं. पण मग पॅकेज आधीच असलं तरी दर वेळी ‘बदल झाला’ अशी नोंद होणार, त्यावर लावलेला हँडलर (बदल झाला तरच चालणारी पायरी) एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रीस्टार्ट करणार, आणि चेक मोडमध्ये आधी पाहून घ्यायची सोयही जाणार. ज्या कामासाठी हे साधन घेतलं तेच हातचं जातं. मी त्याला नाही म्हटलं आणि का ते फळ्यावर काढून दाखवलं. त्याने वहीत उतरवून घेतलं, ते बघून बरं वाटलं.

शेवटी कंट्रोल मशीनवर (जिथून अ‍ॅन्सिबल चालवतो तिथे) वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथनची स्वतंत्र जागा, केलं, त्यात अ‍ॅन्सिबल-कोर २.१६. इन्व्हेंटरीत रॉकी ८ चा वेगळा गट केला, इंटरप्रिटरचा पाथ पूर्ववत केला. आधी एकाच मशीनवर चालवलं, मग उरलेल्या सहांवर.

रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये (कोणती आवृत्ती टाकायची ते जिथे लिहितो तिथे) ‘२.१७ पेक्षा खाली’ अशी अट टाकली आहे, वर कारणाची कॉमेंट. सातांपैकी दोन मशीन रॉकी ९ वर न्यायची परवानगी उद्या सकाळी सरांकडे मागते.