बावन्न सेंटीमीटरची रेष

लेकीच्या खोलीत वॉलपेपर लागून तीन आठवडे झाले. छान दिसतो. येणारा जाणारा विचारतो, कुठून आणला, आणि मी मान ताठ करून सांगते की आणला नाही, मीच काढला. पण रात्री तिला झोपवताना माझं बोट अजूनही आपोआप भिंतीवरून वर-खाली फिरतं. एक रेष शोधत. ती रेष आता तिथे नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरीही फिरतं.

चित्रं काढणं हा यातला सगळ्यात सोपा भाग होता, म्हणून त्याबद्दल फार लिहीत नाही. लेक पाच वर्षांची आहे आणि तिला भिंतीवर रात्र हवी होती. गर्द निळं आभाळ आणि त्यात जागे असलेले प्राणी: घुबड, साळिंदर, वटवाघूळ, बेडूक, आणि तिच्या हट्टापायी एक कासव, ज्याला रात्री जागायचं काही कारण नाही. जलरंगात काढले, स्कॅन केले, कडा साफ केल्या. पंधरा दिवसांत हे सगळं झालं.

रिपीट कसं बनतं ते मात्र सांगायला हवं, कारण पुढचं रामायण तिथूनच सुरू होतं. वॉलपेपर म्हणजे एकच चौकट, ज्याला टाइल म्हणतात, ती खाली आणि बाजूला पुन्हा पुन्हा छापलेली. टाइलच्या वरच्या कडेला अर्धं तुटलेलं घुबड खालच्या कडेला बरोबर तिथूनच पुढे सुरू झालं पाहिजे. हाताने करायचं तर कागदाच्या मधोमध चित्रं काढा, कडांना हात लावू नका. मग कागद उभा मधोमध कापा, दोन्ही तुकड्यांची अदलाबदल करा, मागून चिकटपट्टी लावा. तेच आडवं करा. आता तुमच्या मूळ कडा कागदाच्या मध्यभागी आल्या आणि तिथे रिकामी जागा दिसते. ती भरा. झालं रिपीट. फोटोशॉपमध्ये फिल्टरच्या यादीत ‘ऑफसेट’ आहे, ते हेच काम कात्रीशिवाय करतं. मी पहिल्यांदा कात्रीनेच केलं आणि ज्यांना हे नवीन आहे त्यांनीही एकदा तसंच करावं. डोक्यात लख्ख बसतं.

पहिली मांडणी मी सरळ रिपीटची केली होती, म्हणजे शेजारच्या पट्टीत तेच चित्र त्याच उंचीवर. छोट्या आकारात नऊ टाइल छापून लेकीला दाखवल्या. तिने दोन सेकंद बघितलं आणि म्हणाली, “आई, सगळी कासवं रांगेत का उभी आहेत?” खरंच होती. एखादा प्राणी बाकीच्यांपेक्षा ठळक झाला की लांबून भिंतीवर त्याच्याच रांगा दिसतात, बाकीचं काही दिसत नाही. मग हाफ ड्रॉप केलं. त्यात शेजारची पट्टी अर्ध्या रिपीटने खाली सरकते, त्यामुळे कासवं तिरकी विखुरतात आणि डोळ्याला रांग सापडत नाही. शिवाय कासवाचा हिरवा थोडा मंद केला. (हिरव्यावरून आठवलं. शेले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये जो हिरवा रंग शोधला त्यात आर्सेनिक होतं, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात तोच रंग घराघरांतल्या भिंतींच्या कागदावर गेला, मुलांच्या खोल्यांतसुद्धा. आपल्या नशिबी फक्त पिक्सेल आहेत, हे त्या मानाने बरंच म्हणायचं.)

आता मूळ दुखणं.

छपाई ऑनलाइन करून घ्यायची होती. छपाईवाल्यांचं नाव लिहीत नाही. त्यांचा फॉर्म एका पानाचा: फाइल चढवा, रुंदी लिहा, रिपीटची उंची लिहा, रिपीटचा प्रकार निवडा. प्रकार तीन. सपाट पृष्ठभागावर नक्षी पुन्हा पुन्हा येण्याचे, सममितीच्या हिशोबाने, एकूण १७ प्रकार असतात आणि फेदोरोव या रशियन अभ्यासकाने ते १८९१ मध्येच सिद्ध करून ठेवलंय, पण फॉर्मवाल्यांना तीन पुरतात. असो, मलाही एकच हवा होता. रोल ५३ सेंटीमीटर रुंदीचा, म्हणून रुंदी ५३. उंची मी ५२ ठेवली, कारण मूळ चित्र २६ सेंटीमीटर उंचीच्या कागदावर काढलं होतं आणि ते दुप्पट करायचं होतं. खोलीची भिंतही २६० सेंटीमीटर, म्हणजे बरोबर पाच रिपीट. हा हिशोब जमल्यावर मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. फाइल १५० डीपीआयची, म्हणजे इंचाला १५० ठिपके. भिंत कोणी नाकाला लावून बघत नाही, १५० पुरतं असं सगळे सांगतात, आणि पुरतंही.

नमुना मागवला. नऊ दिवसांनी आला, दोन पंजांएवढा तुकडा. घुबडाचं पोट आणि साळिंदराचे काटे. रंग सुरेख. स्क्रीनवरच्या निळ्यापेक्षा जरा मवाळ, पण तेवढं होतंच. स्क्रीन प्रकाशातून रंग बनवते आणि छपाई शाईतून, त्यामुळे भडक निळे-हिरवे कागदावर थोडे फिके पडतातच. मी खूश. तीन रोल छापायला दिले, भिंतीला दोन लागतात आणि एक जास्तीचा.

रोल आले त्या दिवशी नवरा म्हणाला, “आधी जमिनीवर उलगडून बघूया.” त्याचं हे एक वाक्य मी आयुष्यभर लक्षात ठेवणार आहे. तुम्हीही ठेवा: गोंद हातात घेण्याआधी रोल उलगडा. आम्ही दिवाणखान्यात तो लांबलचक निळा कागद पसरला आणि तिथेच दिसली. एक आडवी, केसाएवढी पांढुरकी रेष, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. बेडकाच्या मानेतून गेलेली. थोडं पुढे आणखी एक. आणखी एक. तिन्ही रोलवर. फिकट कागद असता तर कदाचित कळलंही नसतं. गर्द निळ्यावर ती ब्लेडने ओरखडल्यासारखी दिसत होती.

त्यांना लिहिलं. उत्तर आलं: फोटो पाठवा. फोटो काढला. फोटोत रेषच दिसेना, मोबाइल ती गुळगुळीत करून टाकतो. शेवटी रात्री खोलीतला दिवा बंद केला, बॅटरी कागदाला जवळपास टेकवून तिरकी धरली, नवऱ्याने बॅटरी आणि मी मोबाइल, असा फोटो काढला. तो पाठवल्यावर उत्तर: “आपली फाइल आमच्या निकषांत बसते.” मी फाइलबद्दल विचारलंच नव्हतं. पुन्हा लिहिलं. चार दिवसांनी: “अशा रेषा छपाईयंत्राच्या हालचालीमुळे कधी कधी येऊ शकतात, त्या सहज दिसत नाहीत.” सहज दिसत नाहीत! मला तर डोळे मिटले तरी दिसत होत्या.

मग मी टेप घेतली आणि जमिनीवर बसून रेषांमधलं अंतर मोजलं. ५२. पुढचं, ५२. त्याच्या पुढचं, ५२. एक मिलिमीटरचा फरक नाही. छपाईयंत्राच्या शाई सोडणाऱ्या डोक्यामुळे रेषा आल्या असत्या तर त्या त्याच्या फेऱ्यांच्या अंतराने आल्या असत्या, माझ्या टाइलच्या उंचीने नाही. म्हणजे रेष जोडावर होती, टाइल जिथे संपते आणि पुन्हा सुरू होते तिथे. मग नमुन्यात का नव्हती? नमुन्यातलं घुबड माझ्या टाइलवर शोधलं तर ते बरोबर मधोमध. नमुना टाइलच्या मध्यातून कापतात! जोड त्यात येतच नाही. म्हणजे ज्या एकाच गोष्टीसाठी नमुना बघायचा, तीच सोडून बाकी सगळं दाखवतात. हे त्यांनी फॉर्मवर एका ओळीत लिहिलं असतं तर माझे सहा आठवडे वाचले असते.

टेपच्या आकड्यांसह पाठवलेल्या मेलला उत्तर: “तपासणीसाठी पुढे पाठवले आहे.”

ते तपासत बसले तोवर मीच तपासलं. आणि इथे मला थोडी मान खाली घालावी लागते, कारण निम्मी चूक माझी निघाली. एका इंचात २.५४ सेंटीमीटर. १५० डीपीआय म्हणजे इंचाला १५० पिक्सेल. ५२ सेंटीमीटरचे होतात ३०७०.८७ पिक्सेल. आता ०.८७ पिक्सेल अशी काही वस्तू नसते. माझ्या सॉफ्टवेअरने ते ३०७१ केलं, मला न विचारता. वर माझा निळा रंग वेगळ्या थरावर होता आणि त्याखाली काहीच नव्हतं, पारदर्शक. तिकडे त्यांच्या यंत्रणेने फॉर्ममधले ५२ वाचले आणि फाइल त्या मापात बसवायला किंचित आकसली, असं मला वाटतं. मी माझ्या फाइलवर तेच करून बघितलं. चित्र आकसताना प्रत्येक पिक्सेल आपल्या शेजाऱ्यांची सरासरी घेतो. अगदी कडेच्या पिक्सेलला एका बाजूला शेजारीच नाही. तिथे आहे ती पोकळी, आणि पोकळी छापताना पांढरी होते. कड शेकडो पटींनी मोठी करून पाहिली तर शेवटची ओळ खरंच फिकी, निळ्यात दूध घातल्यासारखी. १५० डीपीआयला एक पिक्सेल म्हणजे ०.१७ मिलिमीटर. केसाएवढी. हीच ती.

उपाय एवढा साधा होता की राग आणखी वाढला. फाइल २५४ डीपीआयची करायची. इंचाला २५४ म्हणजे सेंटीमीटरला नेमके १००. रुंदी ५३०० पिक्सेल, उंची ५२०० पिक्सेल, अपूर्णांक नाही, हाफ ड्रॉपसाठी लागणारी अर्धी उंचीही २६००, पूर्ण. कुणाला आकसायला काही उरतच नाही. आणि सगळे थर एकत्र करून, खाली भक्कम निळा घालून, पारदर्शक भाग शून्य ठेवून फाइल द्यायची. छोट्या फाइलला नुसतं फुगवू नका मात्र, मूळ स्कॅनपासून पुन्हा बांधा. मला तीन रात्री लागल्या.

मग दुसरा नमुना मागवला, पण आता शहाणी झाले होते. नमुन्यासाठी फाइलची वेगळी प्रत बनवली, ऑफसेट करून जोड बरोबर मध्यभागी आणलेली. त्यांनी नेहमीप्रमाणे मधूनच कापला. आला तो तुकडा खिडकीपाशी नेऊन, तिरका धरून, बॅटरी लावून, चष्मा काढून आणि घालून पाहिला. बेडकाची मान सलग. ओरडलेच मी. लेक घाबरून धावत आली.

आणखी काही गोष्टी आठवतायत तशा सांगते. हाफ ड्रॉपला कागद जास्त वाया जातो, पट्ट्या मोजताना प्रत्येक एकाआड एक पट्टीला अर्धा रिपीट जास्तीचा धरा. एक रोल १०.०५ मीटरचा असतो, माझ्या भिंतीला त्यातून तीनच पट्ट्या निघाल्या. सगळे रोल एकाच वेळी छापून घ्या आणि त्यांच्यावरचा बॅच क्रमांक सारखा आहे का बघा, नाहीतर दोन पट्ट्यांच्या निळ्यात फरक पडतो. प्राण्यांचे आकार ठरवताना कागद भिंतीवर टाचून दारातून बघा, आणि मग पलंगावर आडवं होऊनही बघा. मूल भिंत झोपूनच जास्त बघतं. माझी वटवाघळं पलंगावरून कीटकांसारखी दिसत होती, म्हणून ती दीडपट केली. हे मी खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. डोळे मोठे आणि वटारलेले काढू नका, दिवसा गोड दिसतात, रात्री मंद दिव्यात नाही.

तीनही रोल दुसऱ्यांदा माझ्याच खिशातून छापले. पहिले रोल टाकवले नाहीत. लेकीच्या कपाटाच्या आतल्या फळ्यांना लावलेत. दार उघडलं की बेडकाची कापलेली मान समोर येते.

त्यांच्या साइटवर माझी तक्रार आज सकाळी पुन्हा उघडून पाहिली. स्थिती: तपासणी सुरू आहे.