नव्ह-शापेल: खडकीच्या सॅपर्सची नावं शोधताना

उत्तर फ्रान्समध्ये दोन दिवस गाडीने फिरलो. आई, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि मी. लीलला मुक्काम होता. तिथून नव्ह-शापेल जेमतेम तीस किलोमीटर. सपाट शेतं, विटांची घरं, आणि एका चौकात एकदम पंधरा मीटर उंच खांब दिसतो, माथ्यावर कमळ. खांबाच्या दोन बाजूंना दगडी वाघ. मागच्या गोल भिंतीवर, ज्यांची कबरही सापडली नाही अशा ४,७०० हून जास्त हिंदी सैनिकांची नावं. १९२७ साली हे स्मारक उघडलं.

पहिल्या महायुद्धात बहुतेक मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेल्या. पण खडकीचे बॉम्बे सॅपर्स इथे होते. २८ ऑक्टोबर १९१४ ला त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या ४७व्या शीख पलटणीबरोबर या गावात घुसल्या. खंदक खणणारी, पूल बांधणारी ही माणसं त्या दिवशी संगिनी घेऊन घराघरांतून लढली. गाव हाती आलं, पण टिकवता आलं नाही. माणसं मात्र फार गमावली. मार्च १९१५ च्या मोठ्या लढाईत पडलेले गढवाल रायफल्सचे गबरसिंग नेगी, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, यांचंही नाव याच भिंतीवर आहे.

नावं रोमन लिपीत, तीही साहेबाच्या कानाला ऐकू आली तशी. लेक अक्षरं जुळवून वाचायची आणि आई ते नाव नीट मराठी करून मोठ्याने म्हणायची. आईच्या माहेरी, साताऱ्याकडे, गावातून महायुद्धाला किती गेले आणि किती कामी आले हे सांगणारी दगडी पाटी आहे. लहानपणी त्या पाटीला टेकून खेळायचो, म्हणाली. आम्ही अर्धा तास धरला होता, अडीच तास थांबलो. तुम्हीही हे ठिकाण घाईत उरकू नका.

निघण्यापूर्वी, अशी युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर रेजिमेंटवरून नावं शोधा आणि भिंतीवरचा पॅनेल नंबर लिहून घ्या. काही नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही सापडतं. जवळच पोर्तुगीज सैनिकांचं कबरस्तान आहे, तेही बघा.

दुसऱ्या दिवशी नोत्र-दाम-द-लोरेत, टेकडीवरचं फ्रेंच सैनिकांचं कबरस्तान. इथल्या लंबगोल कड्यासारख्या स्मारकावर याच भागात पडलेल्या ५,७९,६०६ जणांची नावं आहेत. देश नाही, हुद्दा नाही, फक्त अक्षरानुक्रम. शत्रू-मित्र शेजारी शेजारी. टेकडीच्या पायथ्याला आब्लँ-सँ-नाझेर गाव. तिथलं तोफांनी फोडलेलं जुनं चर्च तसंच उभं ठेवलंय. मला अख्ख्या प्रवासात सगळ्यात सुंदर गाव हेच वाटलं. विमीचं कॅनडाचं स्मारक इथून जवळ आहे. तिथे दोरी लावलेल्या गवतात मुलांना जाऊ देऊ नका, खाली अजून न फुटलेले गोळे आहेत.

गावांत जेवण साधारण बारा ते दोनच मिळतं, सोमवारी बेकऱ्याही बऱ्याचदा बंद. आमच्याबरोबर दशम्या आणि चटणी होती म्हणून निभावलं. लहान रस्त्यांवर उजवीकडून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं असतं, हे चालवणाऱ्याने पक्कं लक्षात ठेवावं. वारा बोचरा असतो, वडीलधाऱ्यांना कानटोपी हवीच.

नव्ह-शापेलला भेटीची वही आहे. आईने तीत देवनागरीत आपल्या माहेरच्या गावाचं नाव लिहिलं. पेन मात्र आपलं न्या.