६४२ मध्ये शेवटी वॅडकटरच

मंडळी, माझ्या छोट्या ६४२ रिव्हॉल्व्हरची गोळी डेनिम कापडातून गेली की फुलतच नाही, तो घोळ या शनिवारी सुटला! फ्रेडरिक्सबर्गजवळ मित्राच्या रँचवर परत जेलचे ब्लॉक (गोळी किती खोल जाते ते बघायचे ठोकळे) लावले, टेक्सासच्या उन्हात जेल मऊ पडतं म्हणून सावलीत ठेवून आधी बीबी (छोटा छर्रा) मारून, तो किती खोल जातो त्यावरून जेल ठीक आहे ना ते बघून घेतलं.

तेच जुनं दुखणं. जो प्लस पी (जास्त दाबाचा) हॉलो पॉइंट (तोंडाला खड्डा असलेली, आत शिरल्यावर फुलणारी गोळी) मोठ्या ६८६ रिव्हॉल्व्हरच्या ४ इंची बॅरलमधून मस्त फुलतो तोच ६४२ च्या पावणेदोन-दोन इंचातून बंदच राहतो, चार थर डेनिम पार करताना तोंडात कापूस गच्च बसतो आणि मग गोळी साधी राउंड नोज असल्यासारखी १८ इंचांच्याही पुढे निघून जाते (हवी १२ ते १८ इंच). क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) दोन बॅरलमध्ये शंभरेक एफपीएसचा (फूट प्रति सेकंद) फरक दिसतोय, आणि ३८ स्पेशल काडतुसात वेग मुळातच कमी, तिथे तेवढे गेले की फुलायला जोरच उरत नाही. ब्रँड बदलला, हलकी ११० ग्रेन वजनाची गोळी लावली, तर ती फुलली पण १२ इंच गाठेना, वर नेमाची साइट फिक्स, त्यामुळे ग्रुप (गोळ्या लागतात तो पुंजका) खाली.

मग १४८ ग्रेन टार्गेट वॅडकटर, म्हणजे सपाट तोंडाची निशाणेबाजीची गोळी. फुलायचा प्रश्नच नाही, चपटं तोंड कापत जातं, डेनिम असो नसो १६ इंचांच्या आसपास, आणि रिकॉइल (मागचा झटका) इतका सौम्य की दुसरा शॉट पटकन जागेवर येतो. इतक्या हलक्या गनमध्ये मला तरी हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अडचण एकच, गोळी केसच्या (काडतुसाच्या नळीच्या) तोंडाशी सपाट बसलेली, त्यामुळे स्पीड स्ट्रिपने (काडतुसं पटकन भरायची पट्टी) भरताना चेंबरच्या काठाला अडते (फेडरलच्या एचएसटी मायक्रोचंही तेच). म्हणून रीलोडसाठी स्पीअरची १३५ ग्रेन गोल्ड डॉट शॉर्ट बॅरल, ती बनवलीच आहे छोट्या बॅरलसाठी आणि माझ्या जेलमध्येही बऱ्यापैकी फुलली. पण दोन्हींचा पॉइंट ऑफ इम्पॅक्ट (गोळी लागते ती जागा) जुळतो का ते २५ यार्डांवर बघायचंय.

हे सिंथेटिक जेल आहे हं, खऱ्या १० टक्के जिलेटिनच्या आकड्यांशी थेट तुलना नको.

६८६ मध्ये तोच प्लस पी राहणार, तिथे तक्रार नाही. पुढच्या वेळी ३ इंची ३५७ रिव्हॉल्व्हर आणणार होतो पण लिहितालिहिता सुचलं, आधी ६४२ मध्ये क्रिंप जंप तपासू, शेवटची गोळी चार शॉट्सच्या झटक्याने केसमधून पुढे सरकते का ते. कॅलिपर घेऊनच जातो. ३ इंची थांबेल.